चौथा चष्मा

गाडी कणकुंबीत आली तेव्हा साडेअकरा वाजले होते.
पेटीत चार चष्मे,
घाण्याच्या बैलाच्या झापडांसारखे.
हुबळीचा वीरभद्र म्हणाला,
'समुद्र आणलाय टीचर, सोळाशे एकोणऐंशीचा.
इथं सही करा.'

पटावर अकरा, हजर नऊ,
सहावी-सातवी एकाच खोलीत.

भाषा निवडा, यंत्र म्हणालं.
कन्नड. इंग्रजी. हिंदी.
यादी संपली तरी वीरभद्र बोट सरकवत राहिला,
तळाशी काही गाळ लागेल म्हणून.
मग माझ्याकडे न बघता:
'आवाज बंद करतो. तुम्हीच सांगा.'

मी काय सांगणार?
समुद्र त्यांच्या डोळ्यांवर बांधलेला.
मी फळ्यापाशी, कोरडी.
मान वर गेली की समजायचं, डोलकाठी.
पाय फाकले की लाट.
सातेरीनं भिंत धरली आणि सोडेचना.
पुस्तकात या लढाईच्या दोनच ओळी.
पंधरा वर्षं मी त्या
घंटेआधीच्या दोन मिनिटांत उरकत आले.
आज ओळी पुरेनात.
हे गलबत, ती गुराब, म्हटलं,
ही नाळ, हे परबाण, हे शीड.

'शीड म्हणजे?' वीरभद्रनं हळूच विचारलं.
मी पदर पसरून धरला.
'हां, हायि.'
'आणि गलबत?'
'हडगु,' मीच सांगितलं.
'समुद्र?'
दोघंही थांबलो.
समुद्र समुद्रच होता.

पोरांना मी खांदेरीची रात्र सांगितली.
बेटाभोवती इंग्रजांची मोठी जहाजं,
आणि त्यांच्या नाकाखालून, उथळ पाण्यातून
दाणागोटा पोचवणाऱ्या लहान होड्या.
मध्येच परसू ओरडला,
'बाई, मोठ्यांच्या डोस्क्यावर नावं तरंगालेत!
वल्ही मारतात त्यांची न्हाईत.
त्यांची काय नावं?'
खडू फळ्याला टेकवला मी.
टेकवला,
आणि परत खोक्यात ठेवला.

बारा मिनिटांनी चष्मे निघाले.
एकाला मळमळलं, एकीला परत जायचं होतं.
सातेरी म्हणाली, मिरामारचा समुद्र बरा,
तिथं भेळ मिळते.
भैरूचा चष्मा हातात घेऊन वीरभद्र गप्प झाला.
बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
चौथा चष्मा सुरूच झाला नव्हता.
बॅटरी सकाळपासनंच मेलेली.

वर्ग फुटला हसून.
'मग इतका येळ काय बघालतास बे?'

भैरू म्हणाला,
'रात हुती.
दिवा लावला न्हाई आमी.
दिवा लावला की ते बघणार.
वल्ह्याला चिंध्या बांधल्या, आवाज नको म्हणून.
खडकाच्या आतल्या अंगानं गेलो.
तांदळाची पोती हुती, सात.
बाईंचा आवाज येत हुता काठावरनं,
त्या अंदाजानं गेलो.'

चिंध्यांचं मी काही बोलले नव्हते.

'आमी म्हणजे कोण?' परसूनं विचारलं.
भैरूनं बोटं मोडत सांगितलं:
'माझा बा. गुंडूकाका. जोतिबा मेस्त्री.
नागोजी, ताम्बीटकरांचा विठू,
आनी नवीन एक हाय, त्याचं नाव ठाऊक न्हाई,
टेम्पोत मागं बसतो त्यो.'
पहाटे पाचच्या टेम्पोनं
चोर्ल्याचा घाट उतरून
गोव्यात स्लॅब ओतायला जाणारे सहा जण.

कुणी हसलं नाही.
परसूनं खोक्यातला खडू आणला,
न विचारता फळ्यावर नावं लिहिली.
सहाव्याच्या जागी रेघ मारली.

वीरभद्रनं चष्मे पुसून पेटीत निजवले.
मग मांडीवर कागद ठेवून
यंत्रांचा अहवाल भरत बसला.
पहिलं ठीक, दुसरं ठीक, तिसरं ठीक.
चौथ्यापाशी पेन बराच वेळ अडलं,
मग कन्नडमध्ये एकच शब्द उमटला.

कन्नड मला वाचता येतं.
इथं कुणाला येत नाही?
लिहिलं होतं:
रात्रि.